खेडेकर सरांचा नियम

आमच्या टेस्टिंग हॉलमध्ये 'पोंछो' हा शब्द कुणी वापरत नसे. क्रेन चालवणारे मिश्राजी, फरशी धुणारी कमलाबाई, बाहेरून माल न्यायला येणारे ट्रकवालेसुद्धा 'पुसो' म्हणायचे. "इसको ज़रा पुसो." "पुस दिया, साब." मराठी क्रियापद इतक्या ऐटीत हिंदीत जाऊन बसलेलं मी भोपाळात दुसरीकडे कुठे ऐकलं नाही. हे काम खेडेकर सरांचं. जळगावाहून भोपाळला येऊन त्यांचे केस पांढरे झाले, पण हिंदी काही त्यांच्या जिभेवर बसली नाही, आणि ती बसावी म्हणून त्यांनी खटपटही केली नाही.

मी ग्वाल्हेरची, टेस्टिंगला त्यांच्या हाताखाली. माझं मराठी ऐकून ते कळवळायचे. "पंखा चालव म्हणजे काय? तो काय टांगा आहे? पंखा लाव म्हणावं." मी पंखा लावायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवायचे.

गेल्या हिवाळ्यात पुण्याला मुलीच्या घरी ते वारले. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, फोनवर सांगितलं तेव्हा मी त्याच हॉलच्या दारात उभी होते. आत कुणीतरी नवा मुलगा बूट घालून फिरत होता. सर असते तर त्याला तिथेच थांबवलं असतं.

त्यांना धुळीचं इतकं वावडं का, हे सांगायचं तर आमची कंपनी काय बनवते ते सांगायला हवं. सोनागिरीच्या पुढे जी औद्योगिक वसाहत आहे तिच्यात आमचा छोटासा खासगी कारखाना. वीज फार दूर न्यायची असली, म्हणजे वाळवंटातल्या सौर प्रकल्पातून थेट मोठ्या शहराकडे, तर ती घरात येते तशी एसी न नेता डीसी करून नेतात. दोन टोकांना दोन प्रचंड केंद्रं असतात, एका टोकाला एसीची डीसी करायची आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा एसी. त्या केंद्रांच्या भिंतीतून लाखो व्होल्टची तार आत घ्यायची तर मध्ये माणसापेक्षा कितीतरी उंच असा एक पोकळ इन्सुलेटर लागतो. त्याला बुशिंग म्हणतात. आम्ही ती बुशिंगं बनवायचो, आणि बाहेर पाठवण्याआधी सर त्यांची परीक्षा घ्यायचे.

पहिल्या दिवशी मी त्यांना विचारलं होतं की एवढा खटाटोप कशाला, एसीच का नाही नेत. ते म्हणाले, "एसी म्हणजे घराबाहेर पडलेला माणूस. दोन पावलं गेला की परत फिरतो, कुलूप लागलं का बघायला. पुन्हा दोन पावलं, पुन्हा परत. गल्लीच्या टोकापर्यंत ठीक आहे. त्याला दिल्लीला पाठवलंस तर वाटेतच अर्धा होईल. डीसी एकदा निघाली की निघाली." हे मी पुढे वहिनींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की कुलूप बघायला परत फिरणारा माणूस म्हणजे हे स्वतःच. तीनदा फिरतात.

तर ही डीसी धूळ ओढून घेते. एसीचा दाब, म्हणजे व्होल्टेज, सारखा उलटसुलट होतो, त्यामुळे धुळीच्या कणाला कुठे जावं ते कळत नाही. डीसीखाली तो कण सरळ इन्सुलेटरवर जाऊन चिकटतो. टेस्ट संपल्यावर पांढऱ्या रुमालानं बुशिंगवर बोट फिरवून सर ते दाखवायचे. म्हणून हॉल दिवसातून दोनदा धुवायचा, चपला दाराबाहेर काढायच्या, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं दिसलं की सगळी कामं बंद. दसऱ्याला मालक स्वतः पूजेचं ताट घेऊन आले तर सरांनी त्यांना दारातच अडवलं. हळद नाही, कुंकू नाही, उदबत्तीची राख तर मुळीच नाही. मालकांचा चेहरा पडला. तेव्हा रफीकभाई पुढे झाले, दाराच्या कडीला बाहेरूनच झेंडूचं एक तोरण बांधलं, आणि म्हणाले, "हुज़ूर, पूजा तो दरवाज़े की भी होती है." मालक हसले. नारळ बाहेरच्या पायरीवर फुटला आणि कमलाबाईनं ती पायरीसुद्धा धुतली.

रफीकभाई आमच्या हॉलचे रिगर. अवजड वस्तूला पट्टे बांधायचे, क्रेनला अडकवायचं, शिडीवर चढून वरच्या जोडण्या करायच्या आणि सोडायच्या, हे त्यांचं काम. राहायला बुधवाऱ्यात, जुन्या शहरात. अंगानं सडपातळ, बोलायला भोपाळी, प्रत्येक वाक्याला 'खाँ'. 'पुसो' हा शब्द सगळीकडे पसरवला तो त्यांनीच. सरांचं हिंदी फक्त त्यांनाच पूर्ण कळायचं. नवा माणूस गोंधळला की ते दुभाष्यासारखे शेजारी उभे राहायचे. दोघं एकमेकांच्या घरी गेल्याचं मला आठवत नाही. पण दुपारी हॉलच्या मागच्या ओट्यावर डबे शेजारी उघडायचे, आणि वहिनींच्या हातचं शेंगदाण्याच्या तिखट कुटाचं पाकीट रफीकभाईंच्या घरी नेमानं जायचं.

नव्या माणसाला हॉलमध्ये घेण्याआधी सर एक प्रयोग करायचे. एक जुनं, वापरातून काढलेलं बुशिंग कोपऱ्यात उभं होतं. त्याला डीसीचा दाब द्यायचा, मग बंद करायचा. लांब दांड्याला बांधलेली अर्थिंगची तार त्याच्या टोकाला टेकवायची, म्हणजे सगळी वीज जमिनीत. मग तार काढून सगळ्यांना चहा द्यायचा. चहा संपला की नव्या माणसाला विचारायचे, "आता हात लावशील?" तो हो म्हणायचा. बंद तर आहे, अर्थिंगही झालं. मग सर तो दांडा परत टोकाजवळ न्यायचे आणि चटकन ठिणगी उडायची. माणूस दचकून मागे सरायचा. रफीकभाई हे दर वेळी बघायला यायचे आणि दर वेळी हसायचे.

"कुठून आली?" सर विचारायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे. आतल्या कागदाच्या, तेलाच्या थरांत ती मुरलेली असते. वरवरची गेली तरी आतली हळूहळू वर येते. एसीत हा त्रास नाही. म्हणून मोठी टेस्ट झाली की अर्थिंगची तार दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काढायची नाही, हा सरांचा नियम होता. पुस्तकातला नियम यापेक्षा पुष्कळ कमी वेळाचा. पण हॉलमध्ये सरांचाच चालायचा. तो कुठे लिहिलेला नव्हता. लिहायची गरज कुणाला वाटली नव्हती.

ज्या दिवशी तो मोडला त्या दिवशी काही विशेष घडलं नव्हतं, हेच मला अजून पचत नाही.

एक मोठी ऑर्डर होती. ग्राहकाचे इन्स्पेक्टर आले होते, सकाळपासून टेस्ट चालली होती आणि बुशिंग उत्तम पास झालं होतं. दुपारी सर, इन्स्पेक्टर आणि मी ऑफिसात कागद पुरे करत बसलो होतो. आमचे जनरल मॅनेजर तिवारीजी दोनदा येऊन गेले. दुसरं बुशिंग संध्याकाळच्या आत हॉलमध्ये उभं करायचं होतं, नाहीतर इन्स्पेक्टरांचा मुक्काम एक दिवस वाढला असता. सर सह्या करत राहिले. मग हॉलमधून फोन आला. सरांचे दोन्ही हात कागदांत अडकले होते, म्हणून त्यांनी स्पीकर लावला. रफीकभाई होते. विचारत होते की क्रेन तयार आहे, अर्थिंग काढू की सकाळी?

सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पुस्तकातला वेळ होऊन गेला होता, त्यावरही बराच गेला होता.

"निकाल दो," ते म्हणाले. "टाइम हो गया है."

"जी साब," रफीकभाई म्हणाले.

एवढंच. सरांनी पुढच्या कागदावर सही केली, चहा येऊन गेला. इन्स्पेक्टरांनी मला विचारलं की भोपाळात चांगली मिठाई कुठे मिळते. मी टी. टी. नगरमधल्या एका दुकानाचा पत्ता सांगत होते तेवढ्यात हॉलमधून मिश्राजींची हाक ऐकू आली.

रफीकभाई फरशीवर पडले होते. वरच्या जोडणीला हात लावला तेव्हा हाताला झटका बसला असावा आणि ते मागे कोसळले. कमरेला पट्टा होता, पट्ट्याचा हूक मोकळा लोंबत होता. शिडीवरून वरच्या फळीवर जाताना तो हूक काढून पुढच्या कडीत अडकवावा लागतो, आणि त्या मधल्या क्षणी माणूस कशालाच बांधलेला नसतो. सरांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. रक्त होतं, पण फार नव्हतं. साकेत नगरच्या हॉस्पिटलात नेलं तोवर सगळं संपलं होतं.

सर रडले नाहीत. हॉस्पिटलच्या बाकावर बसून मला एकच सांगत राहिले की मी म्हणालो, काढा. तू ऐकलंस ना? मी हो म्हणत राहिले.

चौकशीला तीन माणसं होती. खोलीत पंखा चालू होता, चहा-बिस्किटं होती, सगळे सरांशी अदबीनं बोलत होते. पुस्तकाप्रमाणे अर्थिंग किती वेळ ठेवायला हवं होतं? सरांनी सांगितलं. किती ठेवलं होतं? सरांनी तेही सांगितलं. जास्तच होतं. मग अडचण काय?

"माझा नियम सकाळपर्यंतचा होता."

"कहीं लिखा है, खेडेकरजी?"

"नहीं."

मग त्यांनी डॉक्टरांचा अहवाल पुढे ठेवला. मृत्यू डोक्याच्या मारानं. हातावर भाजल्याची खूण नाही. झटका बसल्याचा पुरावा नाही. सर म्हणाले की अशा झटक्याची खूण राहत नाही, तो माणसाला मारत नाही, नुसता दचकवतो, आणि शिडीवरच्या माणसाला तेवढं पुरतं. मिश्राजींना विचारलं तर ते म्हणाले की मी क्रेनच्या हुकाकडे बघत होतो. पडताना पाहिलं, त्याआधीचं नाही. मला विचारलं तेव्हा मी फोनवरचं बोलणं शब्दशः सांगितलं. त्यातून एवढंच निघालं की सरांनी नियमाप्रमाणे वेळ झाल्यावर परवानगी दिली.

सरांनी एक मागणी केली. तेच बुशिंग पुन्हा लावा, तसाच दाब तितकाच वेळ द्या, तितक्याच वेळानं अर्थिंग काढा आणि टोकाला किती व्होल्ट परत येतात ते मोजा. म्हणजे कळेल. साधी गोष्ट होती, एका दिवसाचं काम.

तिवारीजी म्हणाले, "वो तो डिस्पैच हो गया."

खरंच गेलं होतं. अपघातानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी ट्रक आला आणि लाकडी खोक्यात बंद होऊन ते बुशिंग निघून गेलं. त्यात काहीच दोष नव्हता. ते अजून कुठेतरी उभं आहे आणि त्याच्यातून वीज जाते आहे. सर त्याच्याबद्दल कधी कडवटपणे बोलले नाहीत. फक्त एकदा म्हणाले, "चांगलं बनलं होतं गं ते."

अहवालाचा निष्कर्ष असा आला की उंचीवर काम करताना कामगारानं सुरक्षा पट्टा अडकवला नव्हता. सर निर्दोष. तिवारीजी स्वतः पेढे घेऊन सांगायला आले. सरांनी पेढ्याचा पुडा टेबलावरच ठेवला आणि घरी निघून गेले.

काही दिवसांनी त्यांनी मला विचारलं, "रफीकच्या घरी येशील? माझं हिंदी त्यांना कळणार नाही." आता दुभाष्या उरला नव्हता, हे दोघांच्याही लक्षात आलं.

बुधवाऱ्याच्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर त्यांचं घर होतं. रफीकभाईंची बायको नसीम आणि म्हातारे वडील. खोली स्वच्छ होती. भिंतीजवळच्या फळीवर आमच्या हॉलमध्ये वापरतो तसलेच पांढरे पुसायचे रुमाल घडी करून ठेवले होते. सरांनी ते पाहिले आणि खाली पाहिलं.

त्यांनी वाक्य पाठ करून आणलं होतं. "भाभी, गलती मेरी है. मैंने कहा था, निकाल दो."

नसीमभाभी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "साहब, बेल्ट तो नहीं लगाया था ना उन्होंने?"

"लगाया था. कमर पे था."

"हुक नहीं लगाया था. कंपनी वाले बता गए हैं. लगाते तो बच जाते."

'नहीं' या एका शब्दानं त्या बाईचं समाधान झालं असतं, पण तो शब्द खोटा झाला असता. हूक लागलेला असता तर रफीकभाई नक्कीच वाचले असते. सर खोटं बोलू शकत नव्हते. ते म्हणाले, "हाँ. बचते. पर गिरे मेरे कारण."

म्हाताऱ्या वडिलांनी कोपऱ्यातून विचारलं, "मियाँ, बिजली तो बंद थी ना?"

"बंद थी."

"फिर?"

सरांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. बंद होती, पण आत बाकी होती. आत मुरते आणि मग वर येते. शब्द सापडेनात तसे ते मराठीत बोलू लागले, मी हिंदीत सांगू लागले, आणि सांगता सांगता मलाच ते गोष्टीतल्यासारखं वाटायला लागलं. बंद केलेली वीज, जमिनीत सोडलेली वीज, आणि तरीही हाताला झटका. म्हाताऱ्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांना वाटलं असावं की हा मोठा साहेब काहीतरी लपवतो आहे.

नसीमभाभींना उलट त्यांची दया आली. त्यांनी पाणी आणलं. "आप दिल पर मत लीजिए. मैं रोज़ कहती थी, जल्दी मत किया करो. सुनते ही नहीं थे मेरी." हे त्या रागानं म्हणाल्या. मेलेल्या माणसावरचा तो राग होता, आणि आम्ही जिना उतरलो तरी तो तसाच राहिला.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर सर म्हणाले, "ती त्याच्यावर चिडली आहे. जन्मभर चिडून राहणार. आणि तो कधी घाई करायचा नाही, सुजाता. तूच सांग, तू त्याला कधी घाई करताना पाहिलंस?"

मी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर सर हॉलमध्ये यायचे, काम करायचे, पण नव्या माणसांसमोरचा तो ठिणगीचा प्रयोग त्यांनी बंद केला. आता अर्थिंगची तार दुसऱ्या दिवशीही ते लवकर काढू देत नसत. काम मागे पडू लागलं. तिवारीजी कुरकुर करू लागले. दुपारी ओट्यावर सर एकटे बसायचे आणि डबा अर्धाच खायचे. मी कधी शेजारी जाऊन बसले तर सरकून जागा द्यायचे. माझं मराठी सुधारणंही त्यांनी सोडून दिलं होतं. एकदा मी मुद्दाम 'पंखा चालवू का' असं विचारलं. ते म्हणाले, "चालव."

मग सुरक्षा सप्ताह आला. दर वर्षी कॅन्टीनमध्ये कार्यक्रम असतो, भाषणं होतात, घोषणा होतात, कामगार एखादं छोटं नाटक करतात. त्या वर्षीचं नाटक रफीकभाईंवर होतं. नाव घेतलं नव्हतं, पण सगळ्यांना कळत होतं. पॅकिंग विभागातला एक माणूस कमरेला पट्टा बांधून, हूक लोंबता ठेवून टेबलावर चढला. खालून एकानं विचारलं, भाई, हुक लगाया? तो म्हणाला, अरे, कौन देखता है, आणि टेबलावरून गादीवर पडला. पडताना त्यानं हातपाय असे उडवले की मागच्या बाकांवरची माणसं हसली. त्यांना वाईट म्हणायचं नाही मला. कॅन्टीनच्या नाटकात कुणी पडलं की हसतातच.

सर पुढच्या रांगेत होते. ते उठले. गादीवरचा माणूस उठत होता, त्याला हात देऊन त्यांनी उभं केलं, त्याच्या कमरेचा पट्टा सोडला, आणि तो हातात धरून लोकांकडे वळले. मी त्यांना कधी सभेत बोलताना पाहिलं नव्हतं.

"रफीक ऐसा नहीं था," ते म्हणाले. "वो पट्टा लगाता था. रोज लगाता था. उस दिन मैंने..."

एवढ्यात तिवारीजींनी माइक घेतला. अत्यंत हळव्या आवाजात ते म्हणाले की खेडेकरजी आपले सर्वांत ज्येष्ठ अधिकारी, आपल्या साथीदाराच्या आठवणीनं ते भावुक झाले आहेत, त्यांच्या भावनेसाठी एकदा जोरदार टाळ्या होऊ द्या. आणि टाळ्या झाल्या. मनापासून झाल्या. कमलाबाई तर डोळे पुसत टाळ्या वाजवत होती. सरांचे ओठ हलत होते. ते काय म्हणाले ते कुणालाच ऐकू आलं नाही, मी दुसऱ्या रांगेत असूनही. टाळ्या थांबल्या तेव्हा त्यांचं बोलून झालं होतं. ते येऊन खुर्चीवर बसले. पट्टा त्यांच्या मांडीवर होता. मग कुणीतरी हळूच येऊन तो पुढच्या नाटकासाठी घेऊन गेलं.

निवृत्तीला वेळ होता तरी त्यांनी नोकरी सोडली. निरोप समारंभाला आले नाहीत. वहिनी मधूनमधून भेटायच्या, सोनागिरीच्या भाजीबाजारात किंवा दवाखान्यात. सांगायच्या की हे सकाळी अंघोळ करून, शर्ट-पँट घालून खुर्चीत बसतात आणि संध्याकाळी उठतात. मुलगी पुण्याला बोलावते आहे तर नको म्हणतात. भोपाळात एक काम राहिलंय म्हणतात.

एकदा त्यांचाच फोन आला. "बुधवाऱ्यात येशील का माझ्याबरोबर? आता मला सांगता येईल." ते घरात बसून इतके दिवस तेच करत होते. कुठले शब्द वापरायचे ते ठरवत होते. वीज हा शब्दच घ्यायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. गरम तव्याचं उदाहरण द्यायचं. चूल विझली तरी तवा भाजतो, हे तर कुठल्याही बाईला कळेल. मी म्हटलं, सर, हे पहिल्यांदाच का नाही सुचलं आपल्याला? ते म्हणाले, "तेव्हा मला माफी मागायची होती. आता माफी नको. त्याची चूक नव्हती एवढं तिला कळलं म्हणजे झालं."

रविवारी सकाळी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवलं. माझ्या भावाचं हेल्मेट त्यांना दिलं. वाटेत ते हिंदीतलं वाक्य पुटपुटत होते. चूल्हा बुझ गया, फिर भी तवा. चूल्हा बुझ गया, फिर भी तवा.

जिना चढून गेलो तर दार एका अनोळखी बाईनं उघडलं. आत दुसरंच सामान होतं, दुसरीच माणसं. सासरे वारले, त्यांचं चाळीसावं, म्हणजे चाळिसाव्या दिवसाचे विधी, झाल्यावर नसीमभाभी माहेरी निघून गेल्या होत्या. माहेर कुठे? सिरोंजकडे कुठेतरी, की गंज बासोदा, बाईला नक्की माहीत नव्हतं. घरमालकाला विचारलं तर त्यालाही नाही. फोन लावून बघितला, तो नंबर बंद होता. बाई सभ्य होती, आत या म्हणाली, चाय पिऊन जा म्हणाली. सरांनी हात जोडले. त्यांच्या ओठांवर ते वाक्य तयार होतं हे मला दिसत होतं. एक क्षण मला भीती वाटली की ते त्या बाईलाच सांगतील. ते वळले आणि जिना उतरू लागले.

खाली गल्लीत ते थांबले. समोर एक माणूस दुकानाचं शटर वर करत होता. मी म्हटलं, शोधू आपण, सिरोंज काही एवढं मोठं नाही. ते म्हणाले, "नको. तिनं तिथे जाऊन सगळ्यांना सांगितलं असेल आता. माहेरच्यांना, शेजाऱ्यांना. नवरा कसा गेला म्हणून. मी किती घरांत जाणार?" मग म्हणाले, "चल."

सोनागिरीत त्यांच्या घरासमोर मी स्कूटर थांबवली. ते स्कूटरच्या सीटवर हात टेकून उतरले. मग वळून ते फाटकातून आत गेले आणि एकेक पायरी चढू लागले. हेल्मेट त्यांच्या डोक्यावर तसंच होतं. गॅलरीत वहिनी उभ्या होत्या, त्या त्यांच्याकडे पाहत होत्या. मी हाक मारली नाही. ते वरच्या दारापर्यंत तसेच गेले आणि वहिनींनी त्यांना आत घेतलं.